अफूचा दंड आणि त्याचा विनियोग

महापातक्याकडून घेतलेला दंड राजानें आपल्या कोशांत ठेवूं नये. तो पाण्यांत सोडून वरुणास अर्पण करावा, किंवा विद्वान् व सदाचारी ब्राह्मणास द्यावा, असें मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत सांगितलें आहे. आजच्या वाचकास हा नियम विचित्र वाटेल, आणि त्यांतील ब्राह्मणाचा उल्लेख पाहून त्याच्या ओठांवर थोडें हसूंही येईल. तथापि नियमाच्या बुडाशीं एक शहाणपण आहे. दंडाच्या पैशाची राजाला एकदां चटक लागली, म्हणजे पातक थांबावें ही त्याची इच्छा मंद होत जाते, आणि कोश भरण्याचें एक साधन म्हणून तो पातकाकडे पाहूं लागतो. स्मृतिकारांनीं ही भीति ओळखली होती. परंतु या विशिष्ट नियमांत एक उणीव राहून गेली आहे. दंड कोणी घेऊं नये हें त्यांत आहे, कोणास द्यावा हेंही आहे. ज्याचें त्या पातकानें वाटोळें झालें त्या मनुष्याचें मात्र नांव नाहीं.

हा जुना प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला आहे. अफूपासून, अथवा अफूच्या धर्तीवर रसायनशाळेंत, तयार केलेल्या वेदनाशामक गोळ्या बनविणाऱ्या, त्या देशभर पोंचविणाऱ्या व त्या विकणाऱ्या कंपन्यांनीं तेथील राज्यांशीं, परगण्यांशीं व शहरांशीं ज्या तडजोडी केल्या, त्यांची एकंदर रक्कम ५० अब्ज डॉलरांच्या वर जाते; एक अब्ज म्हणजे शंभर कोटि. ही रक्कम एकदम यावयाची नसून कांहीं हप्ते १८ वर्षें चालावयाचे आहेत. १९९९ ते २०२३ या पंचवीस वर्षांत अशा द्रव्यांच्या अतिमात्रेनें त्या देशांत सुमारे आठ लक्ष माणसें दगावलीं. तेव्हां या पैशाचें काय करावें, तें कोणीं ठरवावें, आणि ठरविणाऱ्यावर देखरेख कोणीं ठेवावी, हा प्रश्न नुसत्या जमाखर्चाचा राहत नाहीं. आजारी माणसांच्या नांवानें सरकारें पैसा घेतात आणि मग त्याचें काय करतात, याचा अमेरिकेंतील शंभर वर्षांचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तोच आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

हा विषय परदेशांतला म्हणून त्याकडे तिऱ्हाइताच्या नजरेनें पाहण्याची सोय आम्हां मुंबईकडील लोकांस नाहीं. माळव्यांतील अफू मुंबई बंदरांतून चीनला जाई, आणि तिच्यावरील जकात कंपनी सरकारच्या तिजोरींत पडे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जमीनमहसूल व मीठ यांच्या जोडीनें अफूचें उत्पन्न हा हिंदुस्थान सरकारचा एक मोठा आधार होता. सर जमशेटजी जिजीभाई (१७८३–१८५९) यांच्या संपत्तींत चीनच्या व्यापाराचा, आणि त्या व्यापारांत अफूचा, वांटा मोठा होता. त्याच संपत्तींतून त्यांनीं सढळ हातानें दिलेल्या देणगीच्या आधारानें १८४५ सालीं मुंबईचें जे. जे. रुग्णालय उघडलें, व तें आजही गोरगरिबांच्या उपयोगी पडत आहे. दात्याच्या औदार्याविषयीं आम्हांस मुळींच शंका नाहीं. परंतु अफूचा पैसा रुग्णालयाच्या रूपानें जेथें परत आला तें शहर, आणि अफूनें माणसें जेथें खंगलीं तो देश, हीं दोन निराळीं होतीं, एवढें ध्यानांत ठेवावयास हवें. पुढें विलायतेंत ओरड झाल्यामुळें १८९३ सालीं लॉर्ड ब्रॅसी यांच्या अध्यक्षतेखालीं रॉयल कमिशन नेमण्यांत आलें. त्यानें सातशेंवर साक्षी घेतल्या, आणि हिंदुस्थानांतील अफूच्या सेवनापासून म्हणतात तसा अपाय होत नाहीं, असा निर्वाळा १८९५ सालीं बहुमतानें दिला. हेन्री विल्सन या सभासदानें मात्र आपलें भिन्नमत नोंदवून ठेविलें. ज्या राज्ययंत्रास उत्पन्न मिळतें त्याच्याच आश्रयानें अपायाची चौकशी झाली, म्हणजे निकाल कोणत्या बाजूस झुकतो, याचें हें उदाहरण आमच्या घरचेंच आहे.

अमेरिकेचेही हात या व्यापारांत स्वच्छ नव्हते. कँटनमध्यें पेढी असलेल्या रसेल आणि कंपनीचे अमेरिकन व्यापारी चीनमध्यें अफू विकीत; पुढें अध्यक्ष झालेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांचे मातामह वॉरन डेलॅनो हे त्याच पेढीचे भागीदार होते. खुद्द अमेरिकेंत मॉर्फिनची टोंचणी आणि गुप्त औषधांच्या बाटल्या यांनीं घरोघर व्यसन शिरलें. १८९८ सालीं जर्मनीच्या बायर कंपनीनें हेरॉइन हें खोकल्यावरचें औषध म्हणून बाजारांत आणलें. १७ डिसेंबर १९१४ रोजीं अमेरिकेंत हॅरिसन कायदा झाला. हा कायदा रचनेनें कराचा कायदा होता: अफू व कोकेन यांचा व्यवहार करणाऱ्यांनीं व डॉक्टरांनीं नांव नोंदवावें, कर भरावा, हिशेब ठेवावा. त्याची अंमलबजावणी कोषागार खात्याकडे गेली. म्हणजे रोग्यांची देखरेख तिजोरीच्या कारकुनांकडे आली. व्यसनी मनुष्यास त्याची नित्याची मात्रा देत राहणें हा वैद्यकीच्या धंद्याचा भाग नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें १९१९ सालीं वेब खटल्यांत लावला. त्या सुमारास निरनिराळ्या शहरांत चालू असलेलीं सुमारे चाळीस सार्वजनिक चिकित्सालयें पुढील थोड्या वर्षांत एकामागून एक बंद पाडण्यांत आलीं. रोगी राहिले, दवाखाना गेला, आणि त्याची जागा तुरुंगानें घेतली.

तुरुंग व्यसनी कैद्यांनीं इतके भरले कीं, १९२९ सालीं पोर्टर कायदा करून त्यांच्यासाठीं दोन स्वतंत्र संस्था काढण्याचें ठरलें. पहिली केंटकी राज्यांत लेक्सिंग्टनजवळ १९३५ सालीं व दुसरी टेक्ससमध्यें फोर्ट वर्थ येथें १९३८ सालीं उघडली. लोक त्यांस व्यसनी लोकांची शेतवाडी म्हणत. एका छपराखालीं शिक्षा झालेले कैदी आणि आपण होऊन आलेले रोगी राहत. शेतींत, गोठ्यांत, कारखान्यांत काम करीत. स्वच्छ हवा, श्रम व नियमितपणा यांनीं व्यसन सुटेल ही कल्पना सद्हेतूची होती. परंतु बाहेर पडलेल्या मनुष्याची चौकशी करणारें त्याच्या गांवीं कोणी नव्हतें, आणि बहुतेक जण पुन्हा व्यसनाच्या आहारीं गेले. लेक्सिंग्टनच्या संशोधनशाळेंत कैद्यांवर प्रयोग होत, आणि त्या प्रयोगांत भाग घेतल्याचा मोबदला म्हणून त्यांस मादक द्रव्यच मिळे, ही गोष्ट १९७५ सालीं सिनेटच्या चौकशींत चव्हाट्यावर आली. चाळीस वर्षें सरकारी खर्चानें चाललेल्या सरकारी संस्थेंत हें घडलें. संस्था सरकारी असली म्हणजे तिच्यावर सरकारची देखरेख आपोआप असते, हा समज किती पोकळ आहे, हें यावरून दिसतें.

दुसरा अध्याय मनोरुग्णांचा आहे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेंतील राज्यांच्या मनोरुग्णालयांत साडेपांच लाखांवर माणसें कोंडलेलीं होतीं, आणि त्यांतील कित्येक इमारतींची अवस्था कोंडवाड्याहून बरी नव्हती. अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या घरींही हें दुःख होतें. त्यांची बहीण रोझमेरी हिच्या मेंदूवर १९४१ सालीं जी शस्त्रक्रिया झाली, तिनें ती जन्माची परावलंबी झाली. ३१ ऑक्टोबर १९६३ रोजीं केनेडींनीं ज्या कायद्यावर सही केली, त्याचा हेतु उदात्त होता: मोठीं रुग्णालयें हळूहळू रिकामीं करावीं, आणि रोग्यांच्या वस्तीजवळ मानसिक आरोग्याचीं केंद्रें काढावीं. रुग्णालयें रिकामीं झालीं. १९६५ नंतर गरिबांच्या वैद्यकीय मदतीची मेडिकेड ही योजना सुरू झाली, आणि तिच्यांतून मनोरुग्णालयांतील प्रौढ रोग्यांचा खर्च द्यावयाचा नाहीं असें ठरल्यामुळें, रोगी बाहेर काढण्यांत राज्यांचा पैशाचा फायदाच झाला. केंद्रें मात्र योजिलेल्या संख्येच्या निम्म्याच्या आसपासच उभीं राहिलीं. १९८० सालीं अध्यक्ष कार्टर यांच्या कारकीर्दींत ही व्यवस्था सुधारण्यासाठीं नवा कायदा झाला, आणि दुसऱ्याच वर्षीं रेगन यांच्या कारकीर्दींत त्याचा बहुतेक भाग रद्द होऊन राज्यांस ठोक अनुदान देण्याची पद्धति आली. ठोक अनुदान म्हणजे थोडा पैसा आणि त्याहून थोडी चौकशी. पुढें लॉस एंजल्स व शिकागो येथील तुरुंग हींच देशांतील सर्वांत मोठीं मनोरुग्णालयें होऊन बसलीं आहेत, असें तेथले अधिकारीच म्हणूं लागले. इमारत मोडून वांचलेला पैसा रोग्याच्या मागोमाग त्याच्या गांवीं गेला नाहीं, हें या अध्यायाचें सार होय.

तिसरा अध्याय तंबाखूचा. नोव्हेंबर १९९८ मध्यें ४६ राज्यांनीं तंबाखूच्या मोठ्या कंपन्यांशीं एक करार केला. पहिल्या २५ वर्षांत २०६ अब्ज डॉलर मिळावयाचे होते. उरलेल्या चार राज्यांनीं आपापल्या तडजोडी आधींच केल्या होत्या. धूम्रपानानें आजारी पडलेल्या गरिबांवर राज्यांचा जो खर्च झाला त्याची ही भरपाई, अशी दाव्याची भूमिका होती, आणि हा पैसा तरुण पिढीला विडीकाडीपासून दूर ठेवण्यास खर्च होईल अशी लोकांची समजूत होती. करारांत मात्र पैसा कशावर खर्च करावा याची एकही बंधनकारक अट नव्हती. परिणामीं व्यसन सोडविण्याकडे अगदीं अल्प हिस्सा गेला. रस्ते झाले, अंदाजपत्रकांतील भगदाडें बुजलीं. कित्येक राज्यांनीं पुढील अनेक वर्षांचे हप्ते गहाण टाकून कर्जरोखे काढले आणि मिळालेला पैसा तत्काल खर्चून टाकला. हप्त्यांची रक्कम सिगारेटींच्या खपावर अवलंबून असल्यानें, खप फार घटूं नये यांतच राज्यांचें हित गुंतून पडलें. स्मृतिकारांची भीति ती हीच. न्यूयॉर्क राज्यांतील नायगारा परगण्यानें तर या पैशाचा कांहीं भाग गोल्फच्या मैदानावर पाणी शिंपडण्याच्या यंत्रणेस लावला. मनूनें सांगितल्याप्रमाणें दंड पाण्यांत गेला खरा. तो वरुणास पोंचला असेल असें आम्हांस वाटत नाहीं.

आतां मूळ विषयाकडे येऊं. १९८० च्या जानेवारींत एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकांत पांच वाक्यांचें एक पत्र छापून आलें. रुग्णालयांत अफूजन्य औषध मिळालेल्या ११,८८२ रोग्यांपैकीं फक्त चौघांस व्यसन जडल्याची नोंद आढळली, एवढाच त्यांतला मजकूर. हे रोगी डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होते. महिनोन्महिने घरीं गोळ्या घेणाऱ्यांविषयीं त्या पत्रांत चकार शब्द नव्हता. तरी पुढें शेंकडों लेखांनीं त्याचा आधार घेतला, आणि बहुतेकांनीं मुळांतील मर्यादा सांगितली नाहीं. याच हवेंत डिसेंबर १९९५ मध्यें पर्ड्यू फार्मा या कंपनीच्या ऑक्सिकॉन्टिन या गोळीस सरकारी मान्यता मिळाली, व १९९६ पासून ती बाजारांत आली. गोळींतील औषध हळूहळू शोषलें जात असल्यानें तिच्या दुरुपयोगाचा संभव कमी होतो असें मानतात, असें वाक्य तिच्या माहितीपत्रकांत सरकारच्या संमतीनें छापलें गेलें. या मान्यतेचें काम ज्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीं झालें, तो पुढें थोड्याच वर्षांत त्या कंपनीच्या नोकरींत गेला. २००७ सालीं कंपनीनें खोट्या प्रचाराचा गुन्हा कबूल केला. दंड व भरपाई मिळून ६० कोटि डॉलरांच्या वर भरले. तिच्या तीन अधिकाऱ्यांनींही अपराध मान्य केला. तुरुंगांत कोणी गेलें नाहीं, आणि विक्री चालूच राहिली.

या काळांत पहारेकरी झोंपले होते असें म्हणणें पुरेसें नाहीं. त्यांनीं दार उघडून धरलें होतें. अफूजन्य औषधें वर्षास किती बनवावीं याचा कोटा अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारचें अंमलीपदार्थ खातें ठरवितें. त्या खात्यानें २००२ ते २०१३ या काळांत ऑक्सिकोडोनचा कोटा जवळजवळ ४०० टक्क्यांनीं वाढविला, असें न्यायखात्याच्या तपासनीसानें २०१९ सालीं दाखवून दिलें. वेस्ट व्हर्जिनिया हें डोंगराळ, कोळशाच्या खाणींचें, अवघ्या १८ लाख वस्तीचें राज्य. तेथें सहा वर्षांत ७८ कोटि गोळ्या गेल्या. माणशीं चारशेंहून अधिक. केर्मिट नांवाच्या सुमारे चारशें वस्तीच्या खेड्यांतील एका औषधाच्या दुकानास दोन वर्षांत सुमारे ९० लाख गोळ्या पुरविण्यांत आल्या. हे आंकडे सरकारच्या दप्तरांत पडून होते. ते लोकांपुढें आणले चार्ल्सटन येथील गॅझेट-मेल या छोट्या वर्तमानपत्रानें, आणि त्याबद्दल त्याचे बातमीदार एरिक आयर यांस २०१७ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळालें. देखरेखीचें काम सरकारी खात्यांपेक्षां एका प्रांतिक पत्रानें अधिक केलें, हें नमूद करून ठेवण्यासारखें आहे. गोळ्या महाग व दुर्मिळ होतांच व्यसनी माणसें हेरॉइनकडे वळलीं, आणि २०१३ नंतर बाजारांत चोरवाटेनें फेंटानिल आलें. २०२१ ते २०२३ या प्रत्येक वर्षीं सर्व प्रकारच्या मादक द्रव्यांच्या अतिमात्रेनें एक लाखांवर मृत्यु झाले. २०२४ सालीं तो आंकडा सुमारे ८० हजारांवर उतरला.

परगण्यांनीं व शहरांनीं लावलेले दावे डिसेंबर २०१७ पासून क्लीव्हलँडचे न्यायाधीश डॅन पोल्स्टर यांच्यापुढें एकत्र करण्यांत आले. त्यांची संख्या पुढें तीन हजारांच्या घरांत गेली. २०२१ च्या जुलईंत जाहीर होऊन २०२२ च्या फेब्रुवारींत पक्की झालेली तडजोड ही त्यांतली सर्वांत मोठी. मॅकेसन, कार्डिनल हेल्थ व अमेरिसोर्सबर्गेन या तीन घाऊक वितरकांनीं १८ वर्षांत २१ अब्ज, व जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीनें ९ वर्षांत ५ अब्ज डॉलर देण्याचें कबूल केलें. तंबाखूचा अनुभव ताजा असल्यामुळें या वेळीं अटी घातल्या गेल्या. किमान ८५ टक्के रक्कम या व्यसनाचें निवारण करण्याकडेच खर्च व्हावी. उपचार, प्रतिबंध, मातांची व अर्भकांची काळजी, तुरुंगांतील रोग्यांची शुश्रूषा अशा मान्य कामांची लांबलचक यादीही कराराला जोडली. ही सुधारणा खरोखरच मोठी होती, आणि ती नाकारणें अन्यायाचें होईल.

परंतु अट लिहिणें एक आणि ती पाळली जाते कीं नाहीं हें पाहणें दुसरें. या राष्ट्रीय तडजोडीप्रमाणें ज्या १५ टक्क्यांपर्यंतची रक्कम इतर कामांस लावण्याची सवड आहे, तेवढ्याचाच जाब देणें भाग आहे, आणि तोही खर्च करणाऱ्यानें आपल्या इमानास स्मरून द्यावयाचा. मुख्य ८५ टक्क्यांचा हिशेब प्रसिद्ध करावा कीं नाहीं, हें ज्या त्या राज्याच्या मर्जीवर राहिलें. त्यामुळें पन्नास राज्यांत पन्नास रीती दिसतात. नॉर्थ कॅरोलिनांत ८५ टक्के पैसा परगण्यांकडे व शहरांकडे जातो. त्यांनीं ठराव करून काम नेमकें सांगावें, आणि वार्षिक खर्च कोणासही पाहतां येईल असा प्रसिद्ध करावा, असा नियम तेथें केला आहे. ओहायोंत ५५ टक्के पैसा एका खासगी स्वरूपाच्या प्रतिष्ठानाकडे सोंपविला गेला. आपण सरकारी कचेरी नव्हे, तेव्हां आपले कागद मागण्याचा लोकांस अधिकार नाहीं, अशी त्याची भूमिका होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं ती अमान्य केली. न्यू जर्सींत राज्याच्या हिशेबतपासनीसानें २०२५ सालीं दिलेल्या अहवालांत, अर्व्हिंग्टन या गांवानें सहा लाखांवर डॉलर गाण्याच्या जलशांवर खर्च केल्याचा ठपका ठेविला. जनजागृतीसाठींच ते जलसे केले, असें गांवच्या कारभाऱ्यांचें म्हणणें आहे. टेनेसी राज्यांतील ग्रीन परगण्यानें मिळालेल्या रकमेंतून जुनें कर्ज फेडलें. व्यसनी लोकांच्या सांभाळामुळेंच आमच्यावर कर्जाचा बोजा पडला, असें म्हणतां येतें. आणि सर्वच अशा युक्तिवादांत थोडें तथ्यही असतें. पोलिसांच्या मोटारी, तुरुंगांतील तपासणीचीं यंत्रें, हीं सुद्धां व्यसनाशीं संबंध जोडून घेतां येतात. ज्या यादींत सर्व कांहीं बसवितां येतें, त्या यादीस अट म्हणणें कठीण आहे.

येथें परगण्यांच्या कारभाऱ्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. खेड्यापाड्यांत डॉक्टर नाहीं, मनोवैद्य तर नाहींच. मध्यरात्रीं बेशुद्ध पडलेल्या मुलाजवळ प्रथम पोंचतो तो पोलीसच, आणि नॅलोक्सोन हें उतारा देणारें औषध त्याच्याच खिशांत असतें. तेव्हां पोलिसांस दिलेला प्रत्येक डॉलर वायां गेला असें आम्ही म्हणत नाहीं. शिवाय रकमेचा डोलारा दिसतो तेवढा मोठा नाहीं. ५० अब्ज डॉलर १८ वर्षांवर व ३४ कोटि लोकांवर वांटले, तर माणशीं दरसाल आठ डॉलर येतात. या संकटानें एकट्या २०१७ सालीं राष्ट्राचें जें नुकसान केलें तें, गेलेल्या जिवांची किंमत धरून, एक हजार अब्ज डॉलरांच्या वर असल्याचा अंदाज सरकारी रोगनियंत्रण केंद्राच्या तज्ज्ञांनीं केला होता. म्हणजे सगळा दंड हा एका वर्षाच्या नुकसानीचा विसावा हिस्सा होय. या व्यसनानें ग्रस्त अशा प्रौढांपैकीं सुमारे चार दशांश लोकांच्या उपचाराचा भार मेडिकेड योजनेवर आहे. जुलै २०२५ मध्यें झालेल्या कायद्यानें त्या योजनेच्या खर्चास कात्री लागली. अशा वेळीं दंडाचा पैसा नवीन कामास न जातां, जुन्या कामांतून काढून घेतलेल्या पैशाची जागा भरण्यास जाईल, ही भीति वावगी नाहीं. एका हातानें दिलें आणि दुसऱ्या हातानें काढून घेतलें, तर हिशेब नियमाप्रमाणें जुळतो, आणि रोगी होता तेथेंच राहतो.

उपाय ठाऊक नाहीं म्हणून पैसा भलतीकडे जातो, असेंही नाहीं. मेथाडोन देऊन व्यसनी मनुष्य पुन्हा संसारास लागतो, हें न्यूयॉर्कच्या डॉ. व्हिन्सेंट डोल व डॉ. मेरी निस्वॅंडर यांनीं १९६५ सालींच प्रसिद्ध केलें. मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन या औषधांनीं मृत्यूचें प्रमाण निम्म्यावर येतें, असें पुढील पुष्कळ अभ्यासांत दिसून आलें आहे. ब्युप्रेनॉर्फिन लिहून देण्यास डॉक्टरास लागणारा खास परवाना २०२२ च्या अखेरीस रद्द झाला. नॅलोक्सोन चिठ्ठीवांचून विकण्यास २०२३ च्या मार्चमध्यें परवानगी मिळाली. साधनें आहेत, तीं रोग्याच्या दारापर्यंत नेणारीं माणसें हवीं, आणि त्या माणसांस वर्षानुवर्षें पगार हवा. मोटार एकदां घेतां येते व तिचा फोटो काढतां येतो. परिचारिकेचा पगार दरमहा द्यावा लागतो. कारभारी मोटारीकडे कां वळतात, याचें कारण बहुधा एवढेंच आहे.

राहतां राहिला पर्ड्यू कंपनीचा व तिच्या मालक सॅकलर घराण्याचा प्रश्न. या घराण्याचें नांव जगांतील थोरथोर पदार्थसंग्रहालयांच्या दालनांवर कोरलेलें होतें; २०१९ सालीं पॅरिसच्या लूव्हरनें व २०२१ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटननें तें काढून टाकलें. कंपनीनें सप्टेंबर २०१९ मध्यें दिवाळें काढलें. मालकांनीं मोठी रक्कम द्यावी, आणि त्यांच्यावर पुढें कोणीही दावा करूं नये, अशी तडजोड झाली होती. ज्यांनीं संमति दिली नाहीं त्यांचाही हक्क अशा रीतीनें हिरावतां येत नाहीं, असें सांगून सर्वोच्च न्यायालयानें २७ जून २०२४ रोजीं पांच विरुद्ध चार मतांनीं ती रद्द केली. नंतरच्या ७.४ अब्ज डॉलरांच्या नव्या योजनेस नोव्हेंबर २०२५ मध्यें दिवाळखोरीच्या न्यायालयानें मान्यता दिली. हिच्यांतही प्रत्यक्ष पीडितांसाठीं राखलेली रक्कम एक अब्जाहून कमीच आहे. तथापि येथें निदान त्यांच्यासाठीं कांहीं राखलें गेलें. वितरकांच्या मोठ्या तडजोडींत मुलगा गमावलेल्या आईस स्वतःच्या नांवानें एक डॉलरही मिळावयाचा नाहीं. तिच्या वतीनें सरकारनें दावा लावला, सरकारनेंच तो मिटविला, आणि पैसाही सरकारनेंच घेतला. म्हणूनच तो विश्वस्ताच्या नात्यानें वापरण्याची सरकारची जबाबदारी दुप्पट होते.

या सर्व इतिहासावरून आमचें मत असें झालें आहे कीं, खर्च करणारा आणि तपासणारा एकच असतां कामा नये. पैशापैकीं पैचाही हिशेब, मागण्याची वाट न पाहतां, प्रसिद्ध झाला पाहिजे. दंडाचा पैसा जुन्या खर्चाच्या जागीं वापरण्यास मनाई हवी. आणि जेथें निर्णय होतात त्या मंडळांत, ज्यांनीं हें दुखणें अंगावर काढलें आहे अशा माणसांस व त्यांच्या घरच्यांस मतासह जागा हवी. यांतलें कांहींही नवीन नाहीं. लेक्सिंग्टनला, १९६३ च्या कायद्याला आणि १९९८ च्या कराराला नेमकें हेंच लागू होतें, आणि तिन्ही वेळां तें राहून गेलें.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर, हा धडा आम्हांसही लागू आहे. २०२५ च्या फेब्रुवारींत मुंबईच्या एका औषधकंपनीच्या गोळ्यांचा प्रकार बाहेर आला. टॅपेंटॅडॉल हें अफूच्या जातीचें द्रव्य आणि कॅरिसोप्रोडॉल यांचें मिश्रण करून त्या पश्चिम आफ्रिकेंतील देशांत पाठविल्या जात होत्या. ही गोष्ट परदेशी बातमीदारांनीं उघडकीस आणल्यावर भारत सरकारनें त्या मिश्रणाची निर्मिति व निर्यात बंद केली. माळव्याच्या अफूच्या पेट्या ज्या शहरांतून समुद्रपार गेल्या, त्याच शहराचें नांव पुन्हा निघावें, हें लाजिरवाणें आहे. घाना व नायजेरिया येथील तरुणांचें जें नुकसान झालें त्याचा दंड आज ना उद्यां कोणी मागितला, तर तो कोणाच्या तिजोरींत जाईल, आणि तेथून कोणाच्या घरीं पोंचेल, याचा विचार आम्हीं आतांपासून करून ठेवावयास हरकत नाहीं.